विद्युतक्षेत्राद्वारे कार्बन नॅनोनलिकांची जुळणी : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

१९९१ साली जपानमधील शास्त्रज्ञ सुमिओ इजिमा यांनी कार्बन नॅनोनलिकांचे वर्णन प्रसिद्ध केले. १९९८ मध्ये नेदरलँड्समधील डेल्फ्ट येथे एकाच नलिकेपासून ट्रान्झिस्टर तयार झाला. तथापि, केसाहून हजारो पटींनी बारीक अशी नलिका उपकरणावर नेमक्या जागी कशी बसवावी, हा प्रश्न शिल्लक होता.

त्याचे एक उत्तर जुन्याच संशोधनात होते. असमान विद्युतक्षेत्रात कणाचे ध्रुवीकरण होऊन तो ओढला जातो. या क्रियेस हर्बर्ट पोल यांनी १९५१ मध्ये ‘डायइलेक्ट्रोफोरेसिस’ हे नाव दिले. नलिका मिसळलेल्या द्रवाचा थेंब दोन विद्युतअग्रांवर ठेवून प्रत्यावर्ती दाब दिल्यास नलिका क्षेत्राच्या दिशेने वळतात व अग्रांमध्ये पुलाप्रमाणे बसतात.

अडचण निवडीची होती. एकपदरी नलिकांच्या मिश्रणात साधारणतः एक तृतीयांश नलिका धातुगुणी, उर्वरित अर्धवाहक असतात. ट्रान्झिस्टरसाठी अर्धवाहकच हव्यात. जर्मनीतील कार्ल्सरुहे येथे राल्फ क्रुप्के व सहकाऱ्यांनी २००३ मध्ये दाखवून दिले की, १० मेगाहर्ट्झ वारंवारतेस धातुगुणी नलिका अग्रांवर जमतात, तर अर्धवाहक नलिका द्रवातच राहतात. म्हणजे क्षेत्र नेमक्या नको असलेल्या नलिका वेचत होते. मात्र त्यातूनच दोन प्रकार वेगळे करण्याचा एक मार्गही मिळाला.

२०१३ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात स्फटिकावर वाढविलेल्या नलिकांपासून १७८ ट्रान्झिस्टरांचा संगणक तयार झाला. तेथेही धातुगुणी नलिका विद्युतप्रवाहाने जाळून काढाव्या लागल्या. यावरून असे म्हणता येते की, नलिका जागी बसविण्याइतकेच त्यांची आधी पारख करणे या तंत्रज्ञानात निर्णायक ठरले.