ओवी कुणाची? (आणि फायलीचं नाव काय?)

जात्यावरच्या ओव्या गोळा करणारे आपल्याकडे पुष्कळ होऊन गेले. सानेगुरुजींचं 'स्त्रीजीवन' आमच्या पिढीच्या घराघरांत असायचं. त्यात ओव्या विषयवार लावलेल्या आहेत, भावाबहिणीच्या, मायलेकरांच्या अशा. वाचताना डोळे भरून येतात, पण ही ओवी नेमकी कुठल्या गावच्या कुठल्या बाईने म्हटली, हा प्रश्न त्या काळी कुणाला पडत नसे. ओवी म्हणजे 'लोकांची', आणि लोकांना नाव कुठून असणार!

हा प्रश्न मनावर घेतला तो गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर या जोडप्याने. पॉइतवाँ जन्माने फ्रेंच, पुढे भारताचे नागरिक झाले. पुणे जिल्ह्याच्या डोंगराळ भागात गरीब डोंगरी संघटनेच्या बायकांबरोबर काम करताना त्यांनी ओव्या उतरवून घ्यायला सुरुवात केली आणि बघता बघता हजारावर गावं, तीन हजारांवर बायका आणि लाखावर ओव्या झाल्या. १९९६ च्या सुमारास बर्नार्ड बेल हे संगणक आणि संगीत दोन्ही जाणणारे फ्रेंच संशोधक त्यांना येऊन मिळाले. मग सुमारे १२० तासांचं ध्वनिमुद्रण झालं.

लाखभर ओव्यांत एक ओवी शोधायची कशी? त्यांनी प्रत्येक ओवीला विषयाचा संकेतांक दिला, आणि त्याच्या शेजारी गाणारीचं नाव, गाव, तालुका लिहिला. कारकुनी काम वाटतं ना? मला तर ती सगळ्या संग्रहातली सर्वांत मोठी गोष्ट वाटते.

आता आमच्या भागाची गंमत सांगतो. नुसतं गाव लिहून भागत नाही. आंबवणे वेल्ह्यात आहे, आणि आंबवणे मुळशीतही आहे. बरं, तालुका लिहावा तर वेल्हे तालुक्याचं नाव 'राजगड' करायला २०२४ साली मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. नावाचा आनंदच आहे, पण जुन्या याद्यांत वेल्हे आणि नव्या याद्यांत राजगड असं झालं, तर पन्नास वर्षांनी शोधणारा दोन वेगळे तालुके समजून बसेल. रोमन लिपीत तर वेल्हे आधीपासूनच दोन तऱ्हांनी लिहितात, कुणी व्ही घालतं, कुणी डब्ल्यू. त्यात पुन्हा पानशेत-वरसगावच्या धरणांत आणि भोरकडे भाटघरच्या पाण्यात गावंच्या गावं गेली. पानशेत-वरसगावची काही माणसं दौंडकडे जाऊन वसली. अशा बाईने दौंडात बसून गायलेली ओवी कुठल्या गावची मांडायची?

हे सगळं सुचायचं कारण म्हणजे आमच्या भाचीचा मुलगा. तो सध्या भोर-वेल्ह्याकडे ओव्या ध्वनिमुद्रित करत फिरतो. हातात मावेल असं चार ट्रॅकचं यंत्र आहे. एक माईक गाणारीपाशी, एक जात्यापाशी, उरलेले दोन भोवतालच्या बायकांच्या आवाजासाठी. जात्याची घरघर पुढे कमीजास्त करता येते, हे फार उत्तम. पण एका गाण्याच्या चार फायली होतात आणि यंत्र त्यांना नुसते ०००१, ०००२ असे आकडे देतं. दिवसाकाठी दीडशे फायली, सगळ्या सख्ख्या जुळ्या बहिणींसारख्या!

त्याने आता शिस्त लावली आहे. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, म्हणजे यादी आपोआप क्रमाने लागते. पुढे गावाचा ठरलेला संकेतांक (तालुक्याचं नाव बदललं तरी हा बदलायचा नाही), गाणारीचा क्रमांक, शेवटी ट्रॅक. चारही फायली एकाच फोल्डरात. मूळ प्रतीला हात लावायचा नाही, नावं द्यायची ती नकलेला. बाकी सगळी माहिती वहीत. आणि बटण दाबल्यावर पहिल्यांदा तारीख, गाव आणि बाईचं नाव तोंडाने बोलायचं. वही हरवली तरी फाईल स्वतःच सांगेल!

पॉइतवाँ २००४ साली गेले, हेमाताई २०१० साली. पुढे 'पारी' या संकेतस्थळाने हा सगळा संग्रह हाती घेतला आणि २०१७ पासून तो लोकांसमोर येऊ लागला. 'पारी'ची माणसं त्या जुन्या याद्या घेऊन गावोगाव गेली. वीसेक वर्षांपूर्वी गायलेल्या काही बायका त्यांना भेटल्या, पुन्हा गायल्या. काहींच्या घरी फक्त लेकीसुना होत्या. नाव-गाव लिहिलेलं नसतं तर कुणाचं दार वाजवणार होते?

आमच्या मुलाने भोरकडच्या एका आजीला रीतीप्रमाणे नाव विचारलं. ती म्हणाली, "कंचं सांगू? हितलं का म्हायेरचं?" लग्नात तिचं पाळण्यातलं नाव बदललेलं. ओव्या आईकडून शिकलेल्या, म्हणजे माहेरच्या. गायल्या मात्र सासरच्या जात्यावर. त्याने वहीत आणखी दोन रकाने आखले, माहेरचं नाव आणि माहेरचं गाव. आजीने दोन्ही सांगितली आणि मग गायला सुरुवात केली.