कमलाबाई गोखले : सिनेमातली पहिली नायिका
१९१३ साली 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामती झाले ते अण्णा साळुंके, म्हणजे बाप्यामाणूस. बायका कॅमेऱ्यापुढं यायलाच तयार नव्हत्या. त्याच वर्षी दादासाहेब फाळक्यांना 'मोहिनी भस्मासुर'साठी नाटकात काम करणाऱ्या मायलेकी मिळाल्या. आई दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि तेरा-एक वर्षांची कमला मोहिनी.

पुढं कमलाबाईंचं लग्न नाटकातल्याच रघुनाथराव गोखल्यांशी झालं. ते ऐन उमेदीत गेले. पदरात लहान पोरं. बाईंनी नाटकाच्या कमाईवर घर ओढलं, रंगमंचावर पुरुषांच्या भूमिकासुद्धा केल्या. साळुंक्यांची उलटी फेडच म्हणा! मुलांपैकी चंद्रकांत अभिनेते झाले, लालजींनी तबल्यात नाव काढलं. विक्रम गोखले त्यांचे नातू.