फी माफ, तरी खर्च किती? कॉलेज प्रवेशाआधीचा खर्च समजून घ्या

जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारने एक महत्त्वाचा निर्णय घेतला. वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी कुटुंबांतील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. पण ही सवलत प्रवेश मिळाल्यानंतरची आहे. त्याआधीचा खर्च घरालाच करावा लागतो. शिरूर तालुक्यातील इनामगावसारख्या गावात तो जास्त जाणवतो.

परीक्षांचे शुल्क किती?

२०२५ मध्ये खुल्या प्रवर्गातील मुलासाठी नीटचे शुल्क १७०० रुपये, जेईई मेनच्या एका सत्राचे १००० रुपये आणि एमएचटी-सीईटीच्या एका ग्रुपचे १००० रुपये होते. पीसीएम आणि पीसीबी दोन्ही दिले तर सीईटीचेच २००० होतात. म्हणजे सगळे पर्याय खुले ठेवायचे तर ४७०० रुपये फक्त फॉर्म भरण्यात जातात. राखीव प्रवर्गांना यात सवलत आहे, पण पूर्ण माफी नाही. पुढे कॅप फेरीची नोंदणी आणि मिळालेली जागा निश्चित करणे, यांचे पैसे वेगळे.

कागदपत्रांवर पैसे कुठे जातात?

उत्पन्न, रहिवासी, जात, नॉन-क्रीमी लेअर असे दाखले लागतात. नीट आणि जेईईसाठी ओबीसी विद्यार्थ्यांना केंद्राच्या नमुन्यातील नॉन-क्रीमी लेअर दाखला द्यावा लागतो, राज्याचा चालत नाही. म्हणजे एकाच कामासाठी दोनदा अर्ज.

एप्रिल २०२५ मध्ये आपले सरकार सेवा केंद्रातील मूळ सेवा शुल्क २० रुपयांवरून ५० रुपये झाले. केंद्रात दरपत्रक लावणे बंधनकारक आहे. त्याहून जास्त पैसे मागितले तर पावती मागा.

प्रवासाचा हिशोब

इनामगावकरांचे तहसील कार्यालय शिरूरला आहे, तर जात पडताळणी समिती पुण्यात. एखादी त्रुटी निघाली की पुन्हा फेरी. भाड्याबरोबर सोबत येणाऱ्या पालकाचा रोजही बुडतो. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट आहे, एवढाच दिलासा.

कोणता खर्च टाळता येतो?

• स्टॅम्प पेपर: शैक्षणिक दाखल्यांच्या प्रतिज्ञापत्रासाठी ५०० रुपयांचा स्टॅम्प पेपर लागत नाही. महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे यांनी मार्च २०२५ मध्ये हे जाहीर केले आहे. साधा कागद चालतो.

• साक्षांकन: २०१५ पासून राज्यात झेरॉक्स प्रतींवर विद्यार्थ्याची स्वतःची सही पुरते. त्यासाठी कोणाला पैसे देऊ नका.

• एजंट: दाखल्यांचा अर्ज 'आपले सरकार' पोर्टलवर घरूनही करता येतो. लोकसेवा हक्क कायदा, २०१५ नुसार दाखला देण्याची मुदत ठरलेली आहे. ती उलटली तर अपील करता येते.

• प्रवेश रद्द केल्यास: तंत्रशिक्षणाच्या कॉलेजांना एआयसीटीईचा नियम लागू आहे. ठरलेल्या मुदतीत प्रवेश रद्द केला तर १००० रुपयांपेक्षा जास्त कापता येत नाहीत. मूळ कागदपत्रेही अडवून ठेवता येत नाहीत.

दाखल्यांचे काम बारावीच्या दिवाळीच्या सुट्टीतच उरकून घ्या. निकालानंतर सगळीकडे एकदम गर्दी होते, आणि घाईत असलेल्या पालकांकडूनच जास्त पैसे घेतले जातात.