देवळाचे उत्पन्न, मिशनचा खर्च

बोरिवलीच्या मंडपेश्वर लेण्यात शिल्प तासून कोरलेला एक मोठा क्रूस आजही दिसतो. त्या क्रूसामागे जमाखर्चाची एक वही आहे, आणि तिच्याकडे सहसा कोणी वळत नाही. सोळाव्या शतकात साष्टी बेटावर आलेल्या मिशनऱ्यांचा खर्च कोण करत होते?

कागदोपत्री उत्तर सोपे आहे : पोर्तुगालचा राजा. ‘पाद्रोआदो’ या व्यवस्थेनुसार पोपने त्याला पूर्वेकडील चर्चचे आश्रयदातेपण दिले होते. बिशप नेमण्याचा अधिकार राजाचा, पाद्रींना पोसण्याची जबाबदारीही त्याचीच. पण लिस्बनहून गलबत यायला सहा-सहा महिने लागत. पैसा उभारायचा तो इथेच.

१५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई व साष्टी पोर्तुगीजांना दिली. (गोव्यातील साष्टी तालुका वेगळा, जुने कागद वाचताना हमखास गोंधळ होतो.) त्यानंतर फ्रान्सिस्कन पाद्री अंतोनियो दो पोर्तो याने मंडपेश्वरच्या लेण्यात चर्च थाटले आणि वर टेकडीवर ख्रिस्ती मुलांसाठी विद्यालय उभारले. विद्यालयाला नेमणूक मिळाली ती देवस्थानाच्याच जमिनींची. राजा तिसरा जुआंव याने ते उत्पन्न पाद्रींकडे वळवले. गोव्यातही १५४१ नंतर देवळांच्या इनामांचे हेच झाले होते. कुळाच्या दृष्टीने भाताचे मुडे पूर्वीइतकेच भरायचे होते. घेणारा तेवढा बदलला.

राजाकडून येणारी रोख रक्कम बेभरवशाची, त्यामुळे पुढे धर्मसंघ स्वतःच जमीनदार बनले. गावे ‘फोरो’ म्हणजे ठरावीक खंडाने देण्याची पोर्तुगीज पद्धत त्यांच्या पथ्यावर पडली. मुंबईच्या फोरास रोडच्या नावात तो शब्द अजून टिकून आहे. वांद्र्याच्या जेझुइटांची मालमत्ता तर पुढे इंग्रजांच्याही डोळ्यांत खुपली. १६८९-९० मध्ये सिद्दीने मुंबईवर स्वारी केली, तेव्हा त्याला मदत केल्याचा ठपका ठेवून कंपनीने मुंबई बेटावरील त्यांच्या जमिनी जप्त केल्या. आरोप किती खरा होता यावर वाद घालता येईल. जमिनी सुपीक होत्या याबद्दल मात्र वाद नाही.

जमिनीवर उभा राहिलेला हा डोलारा जमिनीबरोबरच गेला. १७३७ मध्ये मराठ्यांनी साष्टी घेतली, १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई. युरोपीय धर्मसंघांची गावे सुटली. मागे राहिले एतद्देशीय पाद्री आणि त्यांचे कोळी, कुणबी, भंडारी वस्त्यांतले भाविक. चर्चच्या दिव्यातले तेल आता त्यांनाच घालायचे होते.