आईवडिलांच्या आदराचे कलम

एप्रिल २००३मध्ये अमेरिकेतल्या अटलांटा शहरात, 'डॅड्स गॅराज' नावाच्या नाट्यगृहात एका नव्या नाटकाचा पहिला प्रयोग व्हायचा होता. नाटकाचे नाव होते 'आर्चीज वीअर्ड फॅन्टसी' आणि नाटककार होता रोबेर्तो अगीर्रे-साकासा. कॉमिक्समधला आर्ची समलिंगी असल्याचे या नाटकात दाखवले होते. प्रयोगाच्या आदल्या दिवशी आर्ची कॉमिक्स कंपनीची कायदेशीर नोटीस येऊन थडकली. पात्रांची नावे बदलली, नाटकाचे शीर्षक बदलले, मगच प्रयोग झाला. पुढे २०१४ साली याच कंपनीने याच नाटककाराला आपला मुख्य सर्जनशील अधिकारी नेमले. २०१७ साली त्याची 'रिव्हरडेल' ही मालिका सुरू झाली. आर्ची, बेटी, व्हेरॉनिका आणि जगहेड यांच्या त्या हसऱ्या गावाची ओळख आता एका मुलाच्या खुनाने होत होती.

नोटीस आणि नेमणूक यांच्यामध्ये अकरा वर्षे आहेत. या काळात नेमके काय बदलले, हा या लेखाचा विषय आहे. हलक्याफुलक्या किशोरवयीन मालिका गेल्या काही वर्षांत गडद होऊन परत येऊ लागल्या आहेत. जुन्या मालिकेच्या अशा नव्या अवताराला टीव्हीच्या धंद्यात 'रीबूट' म्हणतात. त्याबद्दलचे नेहमीचे उत्तर असे: जुना प्रेक्षक मोठा झाला, इंटरनेटवरच्या मंचांना कौटुंबिक वेळेचे बंधन उरले नाही आणि काळोख चांगला विकला जातो. हे उत्तर खोटे नाही, पण अपुरे आहे. या मालिकांमध्ये नेमके काय गडद झाले, हे त्यातून कळत नाही.

ते कळण्यासाठी १९५४ सालापर्यंत मागे जावे लागते.

आर्ची पहिल्यांदा अवतरला तो डिसेंबर १९४१च्या 'पेप कॉमिक्स'मध्ये. प्रकाशन संस्था होती एमएलजे. त्यातला 'जे' म्हणजे जॉन गोल्डवॉटर, आणि चित्रकार होता बॉब मोंटाना. सुरुवातीला सुपरहिरोंच्या मागच्या पानांवर बसलेला हा शाळकरी पोरगा पाच वर्षांत इतका लोकप्रिय झाला की कंपनीने त्याचेच नाव घेतले. मात्र युद्धानंतर बाजारात दुसऱ्याच कॉमिक्सची चलती झाली. विल्यम गेन्स याच्या ईसी कंपनीची भयकथांची मासिके मुले अधाशासारखी वाचत होती. १९५४ साली मानसोपचारतज्ज्ञ फ्रेड्रिक वर्थम यांचे 'सिडक्शन ऑफ द इनोसन्ट' हे पुस्तक आले. कॉमिक्समुळे मुले गुन्हेगारीकडे वळतात, असा त्यांचा आरोप होता. त्याच वर्षी सिनेटच्या उपसमितीपुढे सुनावण्या झाल्या आणि गेन्स तिथे साक्षीला उभा राहिला. सरकारी बंधने येण्याआधी आपणच आपल्याला बांधून घ्यावे, म्हणून प्रकाशकांनी संघटना काढली आणि ऑक्टोबरात एक आचारसंहिता जाहीर केली. संघटनेचा अध्यक्ष कोण? आर्चीचा प्रकाशक जॉन गोल्डवॉटर. पुढे पंचवीस वर्षे तो त्या पदावर राहिला.

या संहितेतली प्रसिद्ध कलमे भुताखेतांची आहेत. रक्तपिपासू, मानवलांडगे आणि चालती-फिरती प्रेते यांना मनाई झाली. मासिकाच्या नावात 'हॉरर' किंवा 'टेरर' हे शब्द वापरण्यावर बंदी आली. गेन्सच्या भयमासिकांचा बाजार त्यामुळे उठलाच. पण संहितेत आणखी दोन कलमे होती, त्यांची चर्चा कमी होते. पोलीस, न्यायाधीश, सरकारी अधिकारी आणि आदरणीय संस्था यांच्याविषयी अनादर वाटेल असे काही दाखवू नये, असे एक कलम होते. दुसऱ्या कलमानुसार आईवडिलांविषयीचा आदर जोपासला जाणे आवश्यक होते. थोडक्यात, भुते हद्दपार आणि वडीलधारे निर्दोष, अशी ती दुहेरी व्यवस्था होती. आर्चीच्या गावात ती आधीपासूनच नांदत होती. तिथले मुख्याध्यापक विदरबी चिडतात, पण वाईट नसतात. व्हेरॉनिकाचे वडील हिरम लॉज गडगंज श्रीमंत आहेत. आर्ची त्यांच्या घरातल्या महागड्या वस्तू फोडतो, ते संतापतात आणि गोष्ट संपते. एवढा पैसा आला कुठून, हा प्रश्न त्या गावात कोणी विचारत नाही.

संहिता येण्याच्या काही महिने आधी तो प्रश्न एकाने विचारला होता. ईसीच्या 'मॅड'च्या बाराव्या अंकात हार्वी कुर्ट्झमन आणि विल एल्डर यांनी 'स्टार्ची' नावाचे विडंबन छापले. त्यात आर्चीची शाळा बकाल आहे आणि पोरे गुंड आहेत. म्हणजे आर्चीचा पहिला गडद अवतार 'रिव्हरडेल'च्या त्रेसष्ट वर्षे आधीच छापला गेला होता. अगीर्रे-साकासाच्या नाटकाचे शीर्षकही सहज सुचलेले नव्हते. 'वीअर्ड फॅन्टसी' हे ईसीच्या एका मासिकाचे नाव होते. एकाने दुसऱ्याला बाजारातून उठवले, त्या दोघांची नावे त्याने एका ओळीत आणून बसवली होती.

सब्रिना ही किशोरवयीन चेटकीण १९६२ साली 'आर्चीज मॅडहाउस'मध्ये आली. लेखक जॉर्ज ग्लॅडिर, चित्रकार डॅन डिकार्लो. संहितेच्या राज्यात चेटकीण चालली, कारण ती गोड होती आणि तिचे मंत्र उलटून फक्त फजिती व्हायची. सप्टेंबर १९९६मध्ये एबीसी वाहिनीवर 'सब्रिना द टीनेज विच' ही मालिका सुरू झाली, तेव्हाही तीच रीत कायम होती. मेलिसा जोन हार्टची सब्रिना शुक्रवारी रात्री अख्ख्या कुटुंबासाठी असलेल्या कार्यक्रमांच्या पट्ट्यात दिसायची. सोळाव्या वाढदिवसाला तिला कळते की आपण चेटकीण आहोत. हिल्डा आणि झेल्डा या दोन आत्या तिला सांभाळतात, आणि घरात बोलणारे काळे मांजर आहे. जग जिंकायला निघालेल्या एका जादूगाराला शिक्षा म्हणून मांजर केलेले आहे. मालिका सात हंगाम चालली आणि एप्रिल २००३मध्ये संपली. तो अटलांटातल्या नोटिशीचाच महिना.

त्या मालिकेत एक गोष्ट मात्र चमत्कारिक आहे. सब्रिनाची आई मर्त्य आहे आणि ती दूर पेरू देशात उत्खननाचे काम करते. चेटकिणींच्या जगाचा नियम असा की पुढची दोन वर्षे लेकीने आईला पाहिले तर आई मेणाचा गोळा होईल. वडील एका पुस्तकाच्या पानातून बोलतात. सोळा वर्षांच्या मुलीला आई भेटू शकत नाही आणि बाप कागदावर आहे. एवढे मोठे दुःख तिथे एका विनोदी वाक्यात उरकले जाते, मागे हशा पिकतो आणि आपणही हसतो. दुःख लपवलेले नव्हते, ते समोरच ठेवलेले होते. त्याची जबाबदारी मात्र कोणावरच टाकलेली नव्हती. नियम आहे, त्याला आत्या तरी काय करणार?

जानेवारी २०११मध्ये आर्ची कॉमिक्सने संहितेचा शिक्का सोडला. डीसी आणि आर्ची या शिक्का सांभाळणाऱ्या शेवटच्या दोन मोठ्या कंपन्या होत्या. आता बंदी घालणारे कोणी उरले नव्हते. २०१३ साली 'आफ्टरलाइफ विथ आर्ची' आले. लेखक अगीर्रे-साकासा, चित्रकार फ्रान्सेस्को फ्रँकाव्हिला. जगहेडचा मेलेला कुत्रा सब्रिना मंत्राने उठवते आणि गावभर चालती-फिरती प्रेते पसरतात. गोल्डवॉटरने दारातून हाकललेले भूत त्याच्याच कंपनीच्या पानांवर आले. पुढच्या वर्षी 'चिलिंग अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ सब्रिना' हे कॉमिक निघाले आणि ऑक्टोबर २०१८मध्ये नेटफ्लिक्सवर त्याची मालिका झाली.

या मालिकेत कियर्नन शिपकाची सब्रिनाही सोळा वर्षांची होते. घर तेच, आत्या त्याच. पण इथे वाढदिवसाला तिने सैतानाच्या पुस्तकात सही करून स्वतःला त्याच्या स्वाधीन करायचे आहे. बदल्यात शक्ती मिळेल, स्वातंत्र्य जाईल. ती नकार देते आणि प्रकरण चेटकिणींच्या न्यायालयात जाते. तिथे कळते की आपल्याला मर्त्य बाईशी लग्न करता यावे म्हणून तिच्या वडिलांनी तिचे नाव त्या पुस्तकात आधीच लिहून दिले होते. ज्या आत्यांनी प्रेमाने वाढवले, त्यांनाही बरेच ठाऊक होते. १९९६च्या मालिकेत आईबापांशी झालेली ताटातूट हा नियम होता. २०१८मध्ये तो करार झाला, आणि करारावर कोणाची तरी सही असते.

'रिव्हरडेल'मध्ये हेच आणखी उघडपणे दिसते. पहिल्या हंगामात खुनी निघतो तो मेलेल्या मुलाचा स्वतःचा बाप. व्हेरॉनिकाचे वडील गुन्हेगारी साम्राज्य चालवतात. आर्चीने कधी न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. जगहेडचे वडील टोळीचे म्होरके, आणि दुसऱ्या हंगामात गावाला दहशतीत ठेवणारा बुरखेधारी खुनी निघतो बेटीचा बाप. मुलेही काही साधीसुधी राहिलेली नाहीत, पण गुन्ह्याचे मूळ बहुतेक वेळा आधीच्या पिढीत सापडते. या पालकांच्या भूमिका कोणाला दिल्या, हेही पाहण्यासारखे आहे. आर्चीचे वडील झाला ल्यूक पेरी, म्हणजे 'बेव्हरली हिल्स ९०२१०'मधला नव्वदच्या दशकातला तरुणांचा लाडका. आई झाली 'द ब्रेकफास्ट क्लब'ची मॉली रिंगवाल्ड. बेटीची आई झाली 'ट्विन पीक्स'मधली मेडचेन अ‍ॅमिक. काल ज्यांनी पडद्यावर तारुण्य भोगले, तेच आज दारामागे कुजबुजणारे आईबाप आहेत. जुन्या प्रेक्षकाला आपले बालपण परत मिळते, पण बसायला जागा मिळते ती आरोपीच्या बाकावर.

म्हणून मला वाटते की गडद रीबूटनी संहितेचे भुतांचे कलम मोडले, हे महत्त्वाचे नाही. खरे मोडले ते आईवडिलांच्या आदराचे कलम. जुन्या मालिकेत मोठ्यांच्या समजुतीच्या चार शब्दांनी भाग संपायचा. नव्या मालिकेत मोठ्यांच्या एका खोटेपणाने गोष्ट सुरू होते.

आर्चीच्या घराण्याबाहेरच्या एका उदाहरणावर हे ताडून पाहता येते. 'द फ्रेश प्रिन्स ऑफ बेल-एअर' ही विनोदी मालिका १९९० ते १९९६ या काळात एनबीसीवर चालली. फिलाडेल्फियाचा कृष्णवर्णीय पोरगा विल श्रीमंत मामीच्या घरी राहायला जातो असे म्हणावे, तर नाते उलटे आहे: आईची सख्खी बहीण तिथे आहे, म्हणजे तो मावशीकडे जातो. १९९४च्या एका भागात चौदा वर्षांनी त्याचा बाप परत येतो, आशा लावतो आणि पुन्हा निघून जातो. आधी बेफिकिरीचा आव आणणारा विल शेवटी मावशीचा नवरा फिल याच्या मिठीत कोसळतो आणि बापाला मी का नको आहे, एवढेच विचारतो. हशाची सवय असलेल्या त्या मालिकेत तेव्हा कोणी हसत नाही.

मॉर्गन कूपर या तरुण दिग्दर्शकाने २०१९ साली या मालिकेच्या गंभीर रूपाची एक काल्पनिक झलक इंटरनेटवर टाकली. त्यातूनच फेब्रुवारी २०२२मध्ये पीकॉकवर 'बेल-एअर' ही मालिका सुरू झाली. पहिल्या हंगामाच्या शेवटी बाप इथेही येतो. पण तो तुरुंगात होता आणि हे विलपासून लपवणाऱ्यांत आई आणि फिलही होते, हा नवा भाग. ज्याच्या मिठीत विल रडला होता, तोही आता गुपितात सामील आहे. आर्चीच्या घराण्यात झालेला बदल इथेही तसाच झाला.

त्याने सत्य वाढले का? काही बाबतीत निश्चित वाढले. मुलाला न सांगता मोठ्यांनी घेतलेले निर्णय मुलाच्या आयुष्यावर किती काळ सावली धरतात, हे जुन्या साच्यात मांडताच येत नव्हते. पण किंमतही मोजावी लागली. १९९४च्या त्या प्रसंगात खलनायक नव्हता, गौप्यस्फोट नव्हता. एक माणूस निघून गेला, बस. बहुतेक मुलांची दुःखे अशीच असतात. त्यांत प्रेत नसते, टोळी नसते. मुलाच्या दुःखाकडे लक्ष जावे म्हणून दर वेळी खून दाखवावा लागत असेल, तर ज्यांच्या घरी खून झालेला नाही त्या मुलांचे दुःख पुन्हा विनोदाच्या ओळीत ढकलले जाण्याचा धोका आहे.

'रिव्हरडेल'लाही शेवटी याची जाणीव झाली असावी. २०२३मध्ये संपलेल्या सातव्या हंगामात सगळी पात्रे १९५५ सालात जाऊन पडतात, म्हणजे संहितेच्या दुसऱ्याच वर्षी. जगहेड तिथे पेप कॉमिक्स नावाच्या कंपनीसाठी भयकथा लिहितो आणि सेन्सॉरच्या कात्रीशी झगडतो. त्याच वर्षी डिसेंबरात झोया अख्तर यांचा 'द आर्चीज' हा हिंदी चित्रपट आला. तोही मागे गेला, १९६४ साली, अँग्लो-इंडियन लोकांच्या एका काल्पनिक थंड हवेच्या गावात. तिथेही हिरम लॉज गावच्या बागेवर डोळा ठेवून आहे. फरक एवढाच की तिथे मुले मोठ्यांना समजावतात आणि मोठे ऐकतात. आपल्याकडे आर्ची आला तोही त्या जुन्या कलमाला फारसा धक्का न लावता.

दोन्ही कथा गेल्या त्याच काळाकडे, मोठ्यांवर विश्वास ठेवण्याचा नियम जेव्हा लेखी होता. एकीने तो नियम लिहिणाऱ्यांना जाब विचारला, दुसरीने तो अजून पाळता येईल असे मानले. अटलांटातली ती नोटीस २००३ साली एका पात्राच्या नावासाठी आली होती. पण गोल्डवॉटरच्या कंपनीला सांभाळायचे होते ते नाव एकटे नव्हते. मोठ्यांनी आखलेल्या गावात मुले सुखी असतात, हा भरवसाही त्यासोबत होता. पुढे कंपनीने तो स्वतःच विकायला काढला आणि विकत घ्यायला सगळ्यात आधी आली ती त्या गावाच्या गोष्टी वाचत मोठी झालेली मुले.