लाल बारादरी : सिंहासन ते संग्रहालय

लखनौचा हजरतगंज म्हणजे त्या शहराची मोठी व्यापारपेठ. कापडाची व पुस्तकांची दुकाने पाहत प्रवासी येथे संध्याकाळ घालवितात. परंतु तेथून जवळच, कैसरबागेच्या परिसरात, एक लाल रंगाची इमारत उभी आहे, तिच्याकडे फारसे कोणी वळत नाही. ती लाल बारादरी. नवाब सआदत अली खान यांनी (कारकीर्द १७९८ ते १८१४) ती दरबारासाठी व राज्यारोहणासाठी बांधविली. ७ जुलै १८३७ च्या रात्री नसीरुद्दीन हैदर वारले, तेव्हा पादशाह बेगमेने मुन्नाजानला येथेच सिंहासनावर बसविले. रेसिडेंट कर्नल लो याने तोफा डागून बारादरी ताब्यात घेतली आणि महंमद अली शाहला गादीवर बसविले. राजा कोणी व्हावे, याचा निर्णय कोण करणार, हे त्या एका रात्रीने सांगून टाकले.

१८५६ साली वाजिद अली शाहचे राज्य कंपनीने खालसा केले. पुढे उठाव झाला, आणि मार्च १८५८ मध्ये इंग्रजी फौजा कैसरबागेत शिरल्या. लंडनच्या 'टाइम्स'चा बातमीदार विल्यम हॉवर्ड रसेल त्या वेळी तेथे हजर होता. शिपाई आरसे व चिनी मातीची भांडी जमिनीवर आपटून फोडीत होते, हुक्क्यांच्या नळ्यांतील रत्ने उकरून काढीत होते, असे त्याने लिहून ठेवले आहे. मराठी वाचकाला याच वर्षीची झाशी आठवेल. तेथील लूट आणि ग्रंथसंग्रहाचा नाश वरसईच्या विष्णुभट गोडसे यांनी डोळ्यांनी पाहिला होता. पिढ्यान्‌पिढ्या जमविलेले काही दिवसांत गेले. कोणती वस्तू कोणाकडे गेली, याचा हिशेब उरला नाही.

आणि पाचच वर्षांनी, १८६३ साली, याच लखनौत कमिशनर कर्नल अ‍ॅबट याने एक संग्रहालय सुरू केले. त्याची पहिली जागा छोटी छत्तरमंझील. त्यात नवाबी काळातील कारागिरीच्या वस्तू ठेवल्या होत्या. १८८३ साली त्याला प्रांतिक संग्रहालयाचा दर्जा मिळाला आणि लवकरच ते लाल बारादरीत आले. जेथे नवाबांना मुकुट चढत असे, तेथे आता मथुरेच्या मूर्ती मांडल्या गेल्या!

या मूर्तींची हकीकतही बोधप्रद आहे. संग्रहालयाचा क्युरेटर डॉ. फ्यूरर याने १८८८ ते १८९१ या काळात मथुरेच्या कंकाली टेकडीवर उत्खनन केले. प्राचीन जैन स्तूपाचे अवशेष व आयागपट विपुल हाती आले. परंतु फ्यूररने घाई केली. कोणता दगड कोठे व कोणत्या थरात सापडला, याची व्यवस्थित नोंद ठेवली नाही. पुढे कपिलवस्तूच्या संशोधनात त्याने खोटे दावे केल्याचे उघडकीस आले आणि १८९८ साली त्याला नोकरी सोडावी लागली. कंकालीची चित्रे व्हिन्सेंट स्मिथ यांनी १९०१ साली प्रसिद्ध केली. पण हुकलेली नोंद पुन्हा कशी मिळणार?

तथापि याच टेकडीवरील एका मूर्तीने स्वतःची नोंद स्वतःच राखली आहे. ती सरस्वतीची मूर्ती. तिचे मस्तक नाही; हातात पोथी आहे. पीठावर लेख आहे, त्यात संवत ५४ हे वर्ष आणि सिंहाचा पुत्र गोव या लोहाराने ती अर्पण केल्याचे लिहिले आहे. हे वर्ष इ. स. १३२ च्या सुमाराचे मानतात. सरस्वतीच्या आज ज्ञात असलेल्या प्राचीनतम मूर्तींत तिची गणना होते. नवाबांचे जडजवाहीर निनावी होऊन पांगले. एका लोहाराचे नाव मात्र अठराशे वर्षे टिकले.

मी सरकारी नोकर आहे; फायली आणि नोंदवह्या यांच्यावर लोक हसतात, हे मला ठाऊक आहे. पण लूट आणि संग्रह यांतील भेद मुख्यतः नोंदीचाच होय. वस्तू दोन्हींत एका जागेहून दुसऱ्या जागी जाते. लुटीत तिचा पत्ता पुसला जातो. संग्रहात तो जपला गेला पाहिजे. तो जपला नाही, तर काचेच्या कपाटातील मूर्तीही मुकीच राहते.

कैसरबागेत या गोष्टीचा आणखी एक दाखला आहे, आणि तो आपल्या एका मराठी माणसाने घालून दिला आहे. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी निरनिराळ्या घराण्यांच्या चिजा ऐकून त्या स्वरलिपीत उतरविल्या. १९२६ साली लखनौत स्थापन झालेले त्यांचे संगीत महाविद्यालय आज विद्यापीठ झाले आहे, आणि ते नांदते आहे वाजिद अली शाहच्या परीखान्यात. हवेत विरून जाणाऱ्या स्वरांचीही नोंद करता येते, हे त्यांनी दाखविले.

संग्रहालय १९६३ साली बनारसी बागेतील नव्या इमारतीत गेले. लाल बारादरीत राज्याची ललित कला अकादमी आली. लखनौला जाल तेव्हा दोन्ही स्थळे अवश्य पाहा. मूर्तीपुढे उभे राहिलात, तर शेजारची चिठ्ठीही वाचा. मूर्ती कोठून आली, कोणी घडविली, कोणी दिली, ही माहिती तिच्यावर असेल, तर तेथे कोणीतरी आपले काम चोख केले आहे; नसेल, तर ते विचारण्याचा अधिकार आपला आहे.