दगड लागला की आधी काय तुटावं? : बैल, नांगर आणि एका बोल्टचा इतिहास

आजचा भाग एका आवाजाबद्दल आहे. शेतात रोटावेटर चालू असतो आणि मधेच 'खडाक्' असा आवाज येतो. आमच्या पालमकडं हा आवाज ओळखीचा आहे. ड्रायव्हर क्लच दाबतो, मालक बांधावरून पळत येतो आणि दोघं वाकून पातं बघतात. मी पुण्यात सॉफ्टवेअर लिहितो, पण सुट्टीला गावी गेलो की ही मशिनं बघत बसायला मला लई आवडतं. आज प्रश्न असा की दगड लागला तर आधी काय तुटावं? या साध्या प्रश्नाला दीड-दोनशे वर्षांचा इतिहास आहे.

सुरुवात बैलापासून करू. लाकडी नांगराला लोखंडाचा एकच फाळ. बैलजोडीची ताकद धरा साधारण एक हॉर्सपॉवर, आणि वेग माणसाच्या चालीपेक्षाही कमी. फाळाला दगड किंवा मूळ लागलं की जुवावर ओढ बसते आणि बैल जागेवर थांबतात. नांगऱ्या रुमणं उचलतो, नांगर मागं घेतो, बाजूनं काढतो. म्हणजे बैल हा ओढणारा होता आणि अडथळा ओळखणाराही तोच होता. आपल्या भाषेत सांगायचं तर सेन्सर आणि मोटर एकाच जिवात.

त्यातूनही फाळ बोथट झाला तर लोहार, हळस मोडली तर सुतार. दोघंही बलुतेदार. दुरुस्तीचे पैसे त्या दिवशी द्यायचे नाहीत, सुगीला खळ्यावर धान्य द्यायचं. ही पद्धत फार गोड होती असं मी म्हणणार नाही. तिच्यात जात होती, वर-खाली होतं आणि बलुतेदाराच्या वाट्याला किती यायचं हे बऱ्याचदा दुसरेच ठरवायचे. पण एका दगडाचा खर्च एका माणसावर एकदम कोसळत नव्हता, हेही खरं.

आता चला बेळगावला. लक्ष्मणराव किर्लोस्कर, जन्म 1869. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला गेले. रंग नीट ओळखता येत नाहीत हे कळल्यावर ते यंत्रांच्या ड्रॉइंगकडं वळले. पुढं बेळगावात सायकलचं दुकान, मग कडबा कापायचं यंत्र आणि 1903 च्या सुमारास लोखंडी नांगर. हा नांगर खोल जायचा आणि माती उलटायचा. तरी पहिलं गिऱ्हाईक मिळायला जवळपास दोन वर्षं लागली असं सांगतात. लोखंडानं जमीन विषारी होईल, अशी लोकांना भीती होती.

शाळेत ही गोष्ट 'अडाणी शेतकरी आणि हुशार कारखानदार' अशा थाटात ऐकलेली असते. मला ती अर्धीच वाटते. शेतकऱ्याच्या जागी उभं राहून बघा. ओतीव लोखंड ठिसूळ असतं. मोठा दगड लागला तर ते वाकत नाही, थेट तडकतं. लाकूड मोडलं तर गावचा सुतार आहे, बीड तडकलं तर ते जोडणारं गावात कोण? विषाची भीती चुकीची होती, पण नव्या वस्तूची दुरुस्ती आपल्या हातात नसणं ही धास्ती रास्त होती. नांगर खपण्यासाठी मग तो चांगला असून भागत नव्हतं, सुटे भागही मिळायला हवे होते. 1910 मध्ये औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या जागेवर किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि तिथून हे नांगर गावोगावी गेले. आपला परभणी भाग तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता.

आता थोडं लांब, ऑस्ट्रेलियात. दक्षिण ऑस्ट्रेलियात झुडपी रान तोडून शेती सुरू झाली, पण जमिनीत बुंधे आणि मुळं तशीच राहिली. नांगर रोज मोडायचे. 1876 मध्ये रिचर्ड बॉयर स्मिथ आणि त्याचा भाऊ क्लॅरेन्स यांनी वेगळाच नांगर केला. प्रत्येक फाळ बिजागरीवर बसवलेला. बुंधा लागला की फाळ वर उचलला जायचा, पलीकडं गेला की वजनानं परत जमिनीत घुसायचा. यालाच 'स्टंप-जंप' नांगर म्हणतात. अडथळा येणारच हे त्यांनी मान्य केलं आणि मशिनला वाकायला शिकवलं. आपल्या ट्रॅक्टरमागं स्प्रिंगवाला कल्टिव्हेटर बघितलाय ना? दगडावर त्याचा फण मागं दबतो आणि परत येतो. विचार तोच.

रोटावेटरसुद्धा ऑस्ट्रेलियाचाच. आर्थर क्लिफर्ड हॉवर्ड या तरुणानं 1912 मध्ये वडिलांच्या शेतावर इंजिनाच्या जोरावर फिरणाऱ्या पात्यांचे प्रयोग केले आणि शेवटी इंग्रजी 'एल' अक्षरासारखं पातं ठरलं. गंमत म्हणजे रोटावेटरचं इंग्रजी स्पेलिंग उलटं वाचलं तरी तेच येतं!

आता गणित बघा. ट्रॅक्टरचा पीटीओ मिनिटाला 540 फेरे मारतो. गिअरमधून कमी होऊन रोटर साधारण 200 फेऱ्यांनी फिरतो. पात्याचं टोक मध्यापासून 24 सेंटीमीटरवर धरलं, तर ते सेकंदाला 5 मीटर वेगानं दगडावर आदळतं. मागं 45-50 हॉर्सपॉवर. आणि इथं थांबणारा बैल नाही. ट्रॅक्टरला काहीच कळत नाही, तो ढकलतच राहतो.

म्हणून मशिनमध्ये बैलाच्या जागी एक बोल्ट बसवला. शिअर बोल्ट. तो मुद्दाम नरम ठेवलेला असतो. ठरलेल्यापेक्षा जास्त जोर आला की तो कटतो, शाफ्ट सुटा फिरतो आणि गिअरबॉक्स वाचतो. काही मशिनला त्याऐवजी घसरणारा क्लच असतो. हिरवळ कापायच्या छोट्या मशिनमध्येही हाच विचार आहे. पातं दगडावर आदळलं की फ्लायव्हीलची नरम चावी कटते आणि इंजिनाचा महागडा दांडा वाचतो. घरातला फ्यूज आणि आमच्या कोडमधला सर्किट ब्रेकर ही याचीच भावंडं.

पण गावात काय होतं? बोल्ट दोन-तीनदा कटला की कुणीतरी म्हणतं, "भाऊ, कडक बोल्ट टाक, नाहीतर वेल्डिंगच मार." काम तासावर, पेरणी तोंडावर, म्हणून ते पटतंही. मग पुढचा दगड लागला की बोल्ट वाचतो आणि गिअर जातो. काही रुपयांची वस्तू वाचवून हजारोंचा खर्च. त्याहून वाईट म्हणजे, अडकलेलं काढायला चालू मशिनजवळ गेलेल्या माणसाचा पाय जातो. त्याला स्पेअर पार्ट नाही.

तेव्हा आवाज आला की हे करा. पीटीओ बंद, इंजिन बंद, चावी खिशात, रोटर पूर्ण थांबू द्या. नुसत्या हायड्रोलिकच्या भरवशावर खाली शिरू नका, लाकडी ठोकळे लावा. मग रोटर हातानं फिरवून प्रत्येक पातं शेजारच्याशी ताडून बघा. वाकलं किंवा चीर गेली असेल तर बदला. तापवून सरळ केलेलं पातं कडकपणा गमावतं आणि लवकर झिजतं. बोल्ट आवळा, गिअरबॉक्सखाली तेल गळतंय का बघा, शाफ्टचा क्रॉस हलवून बघा. परत चालू केल्यावर मशिन थरथरत असेल तर वजनाचा तोल गेलाय किंवा काहीतरी वाकलंय. तसंच दामटलं तर बेअरिंग जाणार.

शेवटचं, तो दगड कोणता हेही बघा. आमच्या तालुक्यात गोदावरीकाठी काळी माती आणि बालाघाटच्या बाजूला मुरमाड, तिथं दगड असायचेच. पण कधीकधी पात्याला लागतो तो मातीत बुजलेला हद्दीचा दगड. इंग्रजी मुलखात जमिनीची मोजणी 1830 च्या दशकात इंदापूरपासून रुळली, आणि निजामाच्या राज्यात ती सालारजंगाच्या काळात आली. कुणाच्या तरी पणज्यानं समोर उभं राहून रोवून घेतलेला तो दगड असू शकतो. तो उपटून ओढ्यात फेकण्याआधी शेजाऱ्याला हाक मारा, नाहीतर पात्याचा खर्च परवडला पण कोर्टाचा नाही.

तुमच्याकडं शिअर बोल्टला काय म्हणतात ते व्हॉइस नोटवर पाठवा. आणि घरी रोटावेटर असेल तर आज जाऊन बघा, त्यात नरम बोल्ट आहे की वेल्डिंग. भेटू पुढच्या भागात.